मांजराच्या पिसवा आणि घरगुती उपाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात गेली बारा वर्षं मांजरं आहेत. काही हौसेने आणलेली, काही पावसात भिजत दाराशी आली आणि मग गेलीच नाहीत. त्यामुळे ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले मांजरवाले निरोप पाठवत राहतात. मृग लागला की निम्मे निरोप पिसवांचेच. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरच लागतो तिथे तसं स्पष्ट लिहिलंय.

१. मांजर सारखं खाजवतं, पण केसांत एकही पिसू दिसत नाही. पिसवा आहेत की नाहीत हे ओळखायचं कसं?

पिसू दिसली नाही म्हणजे नाही, असं समजू नका. मांजर दिवसातला बराच वेळ स्वतःला चाटत असतं आणि सापडलेली पिसू गिळून टाकतं. म्हणून पिसवेच्या मागे न लागता तिची घाण शोधा. जुना पांढरा रुमाल ओला करून जमिनीवर पसरा, मांजराला त्यावर उभं करा आणि शेपटीच्या मुळाशी, पाठीवर उलट्या दिशेने बोटं फिरवा. मिरपुडीसारखे काळे कण पडतील. साधी धूळ असेल तर कण काळाच राहतो. पिसवांची घाण असेल तर मिनिटभरात त्याच्याभोवती तांबूस डाग पसरतो, कारण तो कण म्हणजे मांजराचंच रक्त, पिसवेच्या पोटातून जाऊन वाळलेलं.

कानांच्या मागे, मानेवर आणि हनुवटीखालीही बघा. तिथे मांजराची जीभ पोचत नाही, त्यामुळे पिसवांना ती जागा निवांत वाटते.

२. पिसू, गोचीड आणि ऊ एकच का?

नाही. पिसू तांबूस तपकिरी, तिळापेक्षा किंचित लहान, दोन्ही बाजूंनी चपटी. ती केसांतून पळते आणि वीतभर उंच उडी मारते. गोचीड कातडीला तोंड रुतवून एकाच जागी बसते आणि रक्त पिऊन फुगते. ती कुत्र्यांत जास्त, मांजरांत कमी. ऊ संथ चालते आणि तिच्या लिखा केसांना चिकटलेल्या असतात. पिसवेची अंडी मात्र चिकटत नाहीत, खाली गळतात. पुढची सगळी भानगड या गळण्यामुळेच आहे. प्रश्न ४ बघा.

३. आमचं मांजर फ्लॅटच्या बाहेर पाऊल टाकत नाही. मग पिसवा आल्या कुठून?

जिन्यात झोपणारी मांजरं, शेजारचा कुत्रा, गच्चीवरचे उंदीर, यांपैकी कुणाच्याही अंगावरून अंडी गळतात आणि दाराबाहेरच्या पायपुसण्यात वाढतात. तिथून निघालेली पिसू तुमच्या पायाबरोबर किंवा पिशवीबरोबर आत येते. गावाहून आणलेली गोधडी, भंगारातून घेतलेली गादीची खुर्ची, आधीच्या भाडेकरूंच्या मांजराने मागे ठेवलेला वारसा, हेही रस्ते आहेत. आमच्याकडे एकदा गणपतीत पाहुण्यांच्या होल्डॉलमधून आल्या होत्या. पाहुण्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

मांजर किंवा कुत्रा, दोघांच्याही अंगावर बहुतेक वेळा एकाच जातीची पिसू असते. शास्त्रीय नाव टेनोसेफॅलायडिस फेलिस, म्हणजे नावाने मांजराची, पण कुत्र्याचंही तिला वावडं नाही. घरात दोन्ही प्राणी असतील तर उपाय दोघांवर एकदमच करायचा.

४. अंगावरच्या सगळ्या पिसवा काढल्या. दहा-बारा दिवसांत पुन्हा तेवढ्याच. असं का होतं?

कारण तुम्ही काढल्या त्या वरवरच्या. मांजराच्या अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा. घरातल्या एकूण पिसवांत त्यांचा वाटा शेकडा पाचच्या आसपास धरतात. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोष या रूपात घरात पसरलेल्या असतात.

मादी मांजराच्या अंगावर चढते, रक्त पिते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते. भरात असताना दिवसाला चाळीस-पन्नास. अंडी पांढरी, मिठाच्या कणाएवढी, गुळगुळीत. मांजर उडी मारून सोफ्यावर चढलं की ती मिठासारखीच भुरभुरतात. मांजर जिथे जास्त झोपतं तिथे ढीग जास्त. काही दिवसांत अळी निघते. अळी चावत नाही. ती उजेडाला पाठ करून फटीत, गोधडीच्या शिवणीत, सतरंजीच्या खाली शिरते आणि मोठ्या पिसवांची वरून गळलेली घाण, म्हणजे वाळलेलं रक्त, खाऊन वाढते. आईबापांनी वरून शिधा टाकायचा आणि पोरांनी खाली बसून खायचा, अशी सोय.

मग अळी चिकट कोष विणते. त्याला धूळ, केस, वाळूचे कण चिकटतात आणि तो कचऱ्यासारखाच दिसू लागतो. इथे खरी अडचण आहे. कोषावर पाणी, साबण, फवारा कशाचाही फारसा परिणाम होत नाही आणि आतली पिसू कित्येक महिने वाट बघत बसू शकते. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की क्षणात बाहेर.

उबदार, दमट हवेत अंड्यापासून पिसवेपर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. म्हणून एका रविवारी केलेली साफसफाई पुरत नाही. सलग तीन महिने धरून चला.

५. पावसाळ्यातच एवढ्या का वाढतात?

अळीला ओल लागते. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली उतरली की ती सुकून मरते. सत्तर-ऐंशी टक्के आणि पंचवीस-तीस अंश तापमान असेल तर तिची चंगळ. म्हणजे जून ते ऑक्टोबर सगळीकडे, आणि मुंबई, कोकण, गोव्यात जवळजवळ वर्षभर. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या उन्हात अंगणातल्या अळ्या तग धरत नाहीत. पण नागपूरहून एका ताईंनी विचारलं होतं, ‘बाहेर चव्वेचाळीस अंश, मग घरात पिसवा कशा?’ उत्तर खिडकीत होतं : वाळ्याचा कूलर दिवसभर चालू, खोली गार आणि दमट, आणि मांजर त्याच्यासमोरच्या गादीवर.

६. औषध न वापरता सुरुवात कशाने करू?

फणीने. यापेक्षा खात्रीचा आणि निरुपद्रवी घरगुती उपाय मला माहीत नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानात धातूच्या बारीक दातांची फणी मिळते. नाही मिळाली तर उवांसाठीची बारीक फणी चालते, फक्त दातांची टोकं बोचरी नाहीत ना ते आपल्या मनगटावर फिरवून बघा.

आमच्या ठमीला दुपारी खिडकीतल्या उन्हाच्या तुकड्यात आडवं पडायची सवय आहे. तेव्हा मी तिच्याशेजारी बसते. बाजूला वाटीत कोमट पाणी आणि त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. साबण महत्त्वाचा : नुसत्या पाण्यावर पिसू तरंगते आणि निसटते, साबणाच्या पाण्यात बुडते. मानेपासून सुरुवात, मग कानांच्या मागे, पाठ, शेपटीचं मूळ, आणि तिची मर्जी असेल तरच पोट. दात कातडीला हलके टेकले पाहिजेत. केसांवरून वरवर फणी फिरवली तर मांजराला बरं वाटतं आणि पिसवांनाही. दर फटकाऱ्यानंतर फणी वाटीत बुडवून हलवायची. फणीत केसांचा पुंजका आला तर तो तसाच पाण्यात टाका, त्यात एखादी दडलेली असते. पिसू बोटांनी चिरडू नका. ती टणक असते, बोटांतून सुटते. शेवटी वाटी संडासात रिकामी करून पाणी सोडायचं.

प्रादुर्भाव असताना रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. मी वाटीतल्या पिसवा मोजून कॅलेंडरवर आकडा लिहिते, दूधवाल्याच्या आकड्याच्या खाली. आकडा उतरतो आहे की नाही यावरून घराची सफाई लागू पडते आहे का ते कळतं.

७. आंघोळ घातली तर जातात का?

त्या क्षणी अंगावर असलेल्या बऱ्याच बुडतात, पण पुढच्यांना आंघोळीचा धाक राहत नाही. मांजर पाण्याला घाबरत नसेल तरच या वाटेला जा. आधी मानेभोवती साबणाच्या फेसाचं कडं करायचं. ते केलं नाही तर पिसवा पाणी चुकवत डोळ्यांकडे, कानांकडे धाव घेतात. साबण मांजरांसाठीचा, सौम्य, विनासुगंधी. माणसांचा औषधी साबण, जंतुनाशक द्रव किंवा फिनेलचा थेंब पाण्यात नको. फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराच्या यकृताला पेलत नाहीत. नीट धुऊन, टॉवेलने पुसून, उबेला ठेवा. महिन्यातून एकदापेक्षा जास्त नको.

८. मांजराचं झालं. घरात नेमकं काय करायचं?

लढाईचा मोठा भाग इथे आहे, आणि त्याला लागतो तो झाडू, पाणी आणि ऊन.

मांजर झोपतं ती जागा आधी हेरा. बहुतेकांच्या घरी अशा दोन-तीनच जागा असतात. तिथल्या चादरी, अभ्रे, पायपुसणी आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवा; साठ अंशांचं पाणी अंडी-अळ्यांना पुरतं. मशीनवर तापमानाचं बटण नसेल तर बादलीत उकळतं पाणी ओतून सुती कपडे तासभर बुडवून ठेवा. तोवर मांजराला एकच जुनी सुती चादर अंथरूण म्हणून द्या. चार ठिकाणी झोपण्याऐवजी ते एकाच ठिकाणी झोपलं तर अंडीही एकाच ठिकाणी गळतात आणि धुणं सोपं होतं.

गोधडी हा वेगळा विषय. थरांमध्ये आणि टाक्यांच्या रेषांत अळ्यांना अंधार आणि ऊब दोन्ही मिळतं. घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा, गोधड्या नदीवर नेऊन धुण्याची आपल्याकडे पद्धत होती. कारण सोवळ्याचं सांगत, पण वेळ बघा : पावसाळा सरता सरता, पिसवांच्या ऐन भरात, आणि वाळवायला भाद्रपद-आश्विनाचं कडक ऊन. गोधडी धुणं जमत नसेल तर निदान कोरड्या दिवशी दुपारभर उन्हात टाका, मधे उलटा, आणि घरात घेण्याआधी बाहेरच झटका.

केर रोज, आणि कडेकडेने. खोलीच्या मध्यावर अळ्या नसतात. त्या सोफ्याखाली, पलंगाच्या पायाशी, शहाबादी फरशीच्या सांध्यांत असतात. व्हॅक्युम क्लीनर असेल तर उत्तमच. ओहायो राज्य विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी २००७ साली हे तपासलं होतं : व्हॅक्युममध्ये ओढल्या गेलेल्या मोठ्या पिसवांपैकी ९६ टक्के मेल्या, अळ्या आणि कोष तर सगळेच. शिवाय यंत्राच्या थरथरीने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, म्हणजे लपलेल्यांनाही उजेडात आणता येतं. तरी पिशवी तिथल्या तिथे रिकामी करून कचरा बांधून बाहेर टाका.

सारवलेली जमीन असेल तर भेगा बुजवून नव्याने सारवून घ्या. लादी पुसायला साधं पाणी पुरे. फिनेल का नको ते प्रश्न ७ मध्ये आहे.

९. कडुनिंबाचा पाला चालेल ना? तो तर आपलाच.

वाळवलेला पाला मांजराच्या अंथरुणाखाली, कापडाच्या आत घालून ठेवायला हरकत नाही. धान्यात घालतो तसाच. पण त्यावर भिस्त ठेवू नका. पिसवा त्याने हटतात असा भरवशाचा अनुभव मला तरी आलेला नाही.

कडुनिंबाचं तेल मात्र मांजराच्या अंगाला लावू नका. कुत्र्याला चालतं म्हणून मांजराला चालतं असं नाही. लाळ गळणं, थरथर, सुस्ती अशी लक्षणं मांजरांत दिसलेली आहेत. कारण साधं आहे आणि ते या पानावर पुन्हा पुन्हा येणार आहे : मांजराच्या अंगावर जे लावाल, ते मांजर चाटून खाणार.

१०. निलगिरी, टी ट्री, लवंग, लिंबूसाल, पुदिना यांची तेलं? बाटलीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिलंय.

अफूही शंभर टक्के नैसर्गिकच. ही अर्कतेलं मांजरासाठी विषारी ठरू शकतात. आपल्या यकृतात अशा पदार्थांना पाण्यात विरघळण्याजोगं करून बाहेर काढणारी एक व्यवस्था असते. मांजरात ती फार तोकडी आहे, कारण पिढ्यानपिढ्या निव्वळ मांसावर जगलेल्या या प्राण्याला वनस्पतींची विषं पचवायची गरजच पडली नाही. टी ट्री तेल सर्वांत घातक. पण निलगिरी, लवंग, दालचिनी, पुदिना, लिंबूवर्गीय सालींचं तेल, कापूर, यांपैकी काहीही अंगावर नको. बंद खोलीत डिफ्युझरमध्येसुद्धा नको.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. पहिल्या वर्षी खोबरेल तेलात कापूर विरघळवून आमच्या तेव्हाच्या बोक्याच्या मानेला चोळला होता. माझ्याच डोक्यातून निघालेली कल्पना. अर्ध्या तासात तोंडातून तारा लागल्यासारखी लाळ, पाय लटपटायला लागले. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत रिक्षात जो वेळ गेला तो अजून आठवतो. वाचला, आणि पिसवा होत्या तशाच होत्या.

चुकून असं काही लागलं असेल तर सौम्य साबणाने लगेच धुवा, चाटू देऊ नका आणि बाटली बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा.

११. आजी म्हणते सीताफळाच्या बिया वाटून लावा. आमच्या गावी तंबाखूचं पाणी लावतात. त्याचं काय?

सीताफळाच्या बियांची पूड कीटक मारते हे खरं. उवांसाठी आपल्याकडे ती पूर्वापार वापरतात. पण तीच पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, माणसालाही. मांजर पंजाने तोंड पुसतं. पुढचं सांगायला नको. वेखंडाची पूडही तशीच चाटली जाते, म्हणून अंगावर नको. कपाटात मुंग्यांसाठी ठेवायची तर खुशाल ठेवा.

तंबाखूच्या पाण्यात निकोटीन असतं, ते कातडीतूनही भिनतं. रॉकेल कातडी भाजतं आणि चाटताना फुप्फुसात गेलं तर जीव घेतं. डांबरगोळ्या मांजराच्या अंथरुणात ठेवणं हाही तसलाच प्रकार. आजीला दुखवायचं नसेल तर तिला फणी हातात द्या. उवा काढायची सवय असलेल्या हाताला पिसवा फार लवकर सापडतात.

१२. जेवणात लसूण घातला किंवा पाण्यात व्हिनेगर मिसळलं तर रक्ताची चव बदलून पिसवा पळतात म्हणे.

लसूण आणि कांदा मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. थोडा थोडा रोज दिला तरी पंडुरोग होतो. पिसवा आधीच रक्त पीत असताना हे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. कांदा-लसणाच्या रश्श्यातली कोंबडी मांजराला घालणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. व्हिनेगरने पिसवा मरत नाहीत. मांजर पाणी पिणं मात्र कमी करतं, आणि मांजरांची मूत्रपिंडं तशीही नाजूक.

१३. मीठ, बोरिक पावडर आणि ती पांढरी डायटमी माती : तिन्हींबद्दल सगळीकडे वाचते. कोणती खरी?

डायटमी माती सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांची असते. कीटकाच्या अंगावरचा मेणट थर ती शोषून घेते आणि तो सुकून मरतो. तत्त्व बरोबर, पण दमट हवेत ती मंदावते, म्हणजे आपल्याला नेमकी हवी तेव्हाच. शिवाय धूळ मांजराच्या आणि आपल्या छातीत जाते. वापरायचीच तर खाद्य दर्जाची, कोरड्या ऋतूत, मांजर नसलेल्या खोलीत फटीत भरून, दोन दिवसांनी झाडून.

मीठ विसरा. रत्नागिरीत जुलैमध्ये मीठ पसरलं तर सकाळी फरशीवर पाणी सापडेल. वर मांजराने पंजे चाटले तर मिठाची बाधा वेगळी. बोरिक पावडर अळ्या मारते, पण पोटात गेली तर मांजरालाही बाधते. रांगतं मूल किंवा मांजर असलेल्या घरात मी ती जमिनीवर टाकणार नाही.

१४. रात्री दिव्याखाली साबणाच्या पाण्याची ताटली ठेवायची युक्ती खरी आहे का?

खरी, पण तिचा उपयोग मोजण्यापुरता. पिसवा उजेड आणि उबेकडे झेपावतात. जमिनीवर पसरट ताटलीत साबणाचं पाणी, वर टेबललॅम्प, बाकी खोलीत अंधार. सकाळी दोन-चार बुडालेल्या मिळतात. कोणत्या खोलीत जोर आहे ते यातून कळतं. समई किंवा मेणबत्ती वापरू नका. मांजराची शेपटी आणि ज्योत यांची गाठ पडायला वेळ लागत नाही.

१५. पिल्लं तीन आठवड्यांची आहेत आणि अंगभर पिसवा. काय लावू?

काहीही लावू नका. फणी, फक्त फणी, दिवसातून दोनदा. एवढ्याशा जिवात रक्तच किती असणार? पन्नास-शंभर पिसवा त्याला रक्त कमी करून मारू शकतात. हिरडी बघा : गुलाबी हवी. पांढुरकी असेल, पिल्लू दूध ओढत नसेल, अंग गार लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर.

धुवायची वेळ आलीच तर कोमट पाणी, मानेखालचाच भाग, दोन मिनिटांत आटपून लगेच कोरडं करून पिशवीतल्या गरम पाण्याच्या बाटलीशेजारी, मधे टॉवेल ठेवून. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही. खोक्यातलं कापड रोज बदला. आणि मांजरीला विसरू नका. पिल्लं साफ आणि आई पिसवांनी भरलेली, तर संध्याकाळी पहिले पाढे पंचावन्न. दूध पाजणाऱ्या मांजरीला मानेवर टाकायचे कोणते औषधी थेंब चालतात ते डॉक्टर सांगतील.

१६. कुत्र्याचं पिसवांचं औषध घरात पडलंय. अर्धं वापरलं तर?

नाही. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं. त्याने मांजराला झटके येतात, जीवही जातो. गोचिडांच्या औषधातलं अमिट्राझही मांजराला चालत नाही. अर्धं, पाव, पाणी घालून, काहीच नाही. कुत्र्याला लावलं असेल तर ते पुरतं वाळेपर्यंत मांजराला त्याच्या अंगाशी झोपू देऊ नका.

गंमत अशी की पर्मेथ्रिन हे शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून मिळणाऱ्या पायरेथ्रिनचं कारखान्यातलं भावंड. म्हणून ‘फुलांपासून बनवलेला फवारा’ दिसला तरी डब्यावरचं बारीक अक्षर वाचा.

१७. मे महिन्यात तीन आठवडे गावी होतो, मांजर बरोबर होतं, घर बंद. परत येऊन दार उघडलं तर पायांवर पिसवांचा हल्ला! रिकाम्या घरात वाढल्या कशा?

वाढल्या नाहीत, थांबल्या होत्या. जाण्याआधीची अंडी-अळ्या दरम्यान कोषात गेल्या. घरात ना पावलं, ना ऊब, म्हणून आतल्या आत बसून राहिल्या. तुम्ही बॅगा आदळल्या आणि सगळ्या एकदम बाहेर पडल्या. अशा वेळी मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवून, पायांत लांब पांढरे मोजे घालून, दिवसातून दोनदा केर किंवा व्हॅक्युम करा. मोज्यांवर चढलेल्या दिसतात, त्या साबणाच्या पाण्यात. साधारण आठवड्याभरात जोर ओसरतो. बाकी प्रश्न ८ प्रमाणे.

१८. त्या माणसाला चावतात का? आणि प्लेग पिसवांमुळेच आला होता ना? भीती वाटते.

चावतात, बहुधा घोट्याच्या आसपास, तीन-चार लाल ठिपके ओळीने. पण माणसाच्या अंगावर बिऱ्हाड करत नाहीत.

प्लेगची पिसू वेगळी, उंदरावरची, झेनॉप्सिला किऑपिस. मुंबईत १८९६ मध्ये साथ आली तेव्हा ती कशाने पसरते हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. घरं धुणं, सामान जाळणं, तपासण्या असं सगळं चाललं होतं. पिसवेचा धागा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत जोडून दाखवला. मांजरावरची पिसू प्लेग पसरवण्यात फारच कच्ची आहे. त्या भीतीने मांजराला घराबाहेर काढू नका.

काळजी घ्यायची ती दुसऱ्या गोष्टीची. पिसवांच्या घाणीत बार्टोनेला नावाचे जंतू असू शकतात. ती घाण मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यातून आपल्यात येते. ओरखडा साबणाने धुवा. नंतर काखेत किंवा मानेत गाठ आली, ताप आला, तर डॉक्टरांना घरात मांजर आहे हे आवर्जून सांगा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी जास्त जपावं. कुठलाही ओरखडा किंवा चावा असला की रेबीजच्या लसीबद्दल विचारायचंच, ते वेगळं.

१९. मांजराच्या शेपटीखाली वाळलेल्या भाताच्या शितासारखं काहीतरी चिकटलेलं दिसतं. याचा पिसवांशी संबंध आहे का?

थेट आहे. ते पट्टकृमीचे तुकडे, ओले असताना काकडीच्या बीसारखे दिसतात आणि वळवळतात. कृमीची अंडी पिसवेची अळी खाते, मोठी झालेली पिसू मांजर चाटताना गिळतं, आणि कृमी पोटात. जंताचं औषध डॉक्टरांकडून वजनानुसार घ्या. पण पिसवा राहिल्या तर महिन्या-दीड महिन्यात शितं पुन्हा दिसतील. लहान मुलांनाही पिसू गिळून क्वचित होतो. मांजराशी खेळून झाल्यावर हात धुवायला लावा.

२०. दोन मांजरं आहेत. एकाला पिसवा जास्त, पण ते मजेत. दुसऱ्याच्या अंगावर एक-दोनच आणि त्याची पाठ चाटून टकली झालीय. असं उलटं का?

दुसऱ्याला पिसवेच्या लाळेची अॅलर्जी आहे. अशा मांजराला एक चावासुद्धा आठवडाभर पुरतो. पाठीवर हात फिरवला तर बाजरीच्या दाण्यांसारख्या पुळ्या बोटांना लागतील. इथे मी फणी आणि सफाईवर थांबायला सांगणार नाही. मानेवर टाकायचे थेंब, सेलामेक्टिन, फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड, डॉक्टरांच्या सल्ल्याने, वजन-वय सांगून, घरातल्या दोन्ही मांजरांना लावावेत. नैसर्गिक उपायांचा हट्ट इथे मांजराच्या जिवावर बेततो. तसंच सोळा-अठरा दिवस नेटाने सगळं करूनही कॅलेंडरवरचा आकडा हलत नसेल, मांजर म्हातारं किंवा आजारी असेल, तरी हाच मार्ग.

२१. सोसायटीतल्या भटक्या मांजरांना मी खाऊ घालते. त्यांच्या पिसवांचं काय करू?

हात लावू देणाऱ्यांना फणी करता येते. बाकीच्यांच्या झोपायच्या जागा सांभाळा. खोक्यात गोणपाट किंवा जुनी गोधडी घालण्याऐवजी वर्तमानपत्रं घाला आणि दर तिसऱ्या दिवशी बदला. नसबंदीसाठी पकडाल तेव्हा भुलीत असतानाच पिसवांचे थेंब टाकायला डॉक्टरांना सांगा, एका पकडीत दोन कामं. आणि घरी शिरताना कपडे थेट बादलीत.

२२. सगळं पटलं, पण आमचा बोका फणी बघितली की पलंगाखाली जातो.

पहिले चार दिवस फणी फक्त त्याच्या ताटलीशेजारी ठेवून द्या. मग तिची मागची, बिनदातांची बाजू गालावर फिरवा. गाल चोळून घेणं बोक्यांना आवडतं. त्यानंतर दोन फटकारे आणि सुकटीचा तुकडा, बस्. पळाला तर मागे धावू नका. अगदीच निकड असेल तर जाड टॉवेलात गुंडाळून फक्त डोकं आणि मान बाहेर ठेवा, दोघं मिळून करा आणि पाच मिनिटांच्या वर ताणू नका.

आमचा सध्याचा बोका, गणोबा, सहा आठवड्यांनी मान पुढे करायला लागला. पोटाला मात्र अजून हात लावू देत नाही; माझ्या मनगटावर त्याची सही आहे. तेवढ्या भागासाठी त्याला थेंबच टाकतो.